बुरशीच्या बांधातली माती

गेल्या वर्षी श्रावणात गोव्यात सावईवेऱ्याला काकांकडे गेले होते. बाहेर पाऊस कोसळत होता आणि ओसरीवरच्या सोप्यावर दोन वस्तू शेजारी शेजारी पडल्या होत्या. एक होती पोफळींवर मारून उरलेल्या बुरशीनाशकाची अर्धी बाटली, दुसरी माझ्या चुलतभावाच्या गजकर्णावरच्या कॅप्सूलची पट्टी. बाटलीवर लिहिलं होतं हेक्झाकोनॅझोल, पट्टीवर इट्राकोनॅझोल. दोन्ही नावांचं शेपूट एकच.

काकांच्याही ते लक्षात आलं होतं. म्हणाले, "काय गो, तू हेच शिकवतेस ना कॉलेजात? दोन्ही बुरशीचीच औषधं. ह्याचं गजकर्ण सुकत आलं. माझ्या सुपारीवरचा कोळेरोग मात्र हललासुद्धा नाही. पैसे गेले ते गेले, घडही गळले. असं का व्हावं?"

मी जीवरसायनशास्त्र शिकवते. काकांच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यातही देता आलं असतं, पण त्यातून त्यांना काहीच कळलं नसतं. नीट सांगायचं तर एका रेणूची गोष्ट सांगावी लागते. त्याचं नाव एर्गोस्टेरॉल.

आधी खाजनाकडे, म्हणजे गोव्यातल्या खाडीकाठच्या शेतजमिनीकडे बघू. मांडवी-झुवारीच्या खाड्यांच्या काठाला शेतं आहेत आणि खाडीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून बांध आहेत. हे बांध नुसते उभे नसतात. त्यांना मानस असते, भरती-ओहोटीबरोबर मिटणारं-उघडणारं दार. कुठलं पाणी कधी आत घ्यायचं, कधी बाहेर सोडायचं हे त्यावर ठरतं. प्रत्येक जिवंत पेशीभोवती असाच एक बांध असतो, त्याला पेशीपटल म्हणतात. तो स्निग्ध पदार्थाच्या रेणूंच्या दोन थरांचा असतो आणि त्यात प्रथिनांची दारं बसवलेली असतात. आत काय यायचं, बाहेर काय जायचं हे ती दारं ठरवतात. बांध फार सैल झाला तर दारं नीट बसत नाहीत आणि सगळं पाझरतं. फार कडक झाला तर दारं हलत नाहीत.

हा सैलपणा-कडकपणा सांभाळणारा माल म्हणजे स्टेरॉल. चार कडी एकमेकांना जोडलेला हा चपटा, ताठ रेणू स्निग्ध रेणूंच्या शेपट्यांमध्ये जाऊन बसतो. उष्ण हवेत त्यांना फार वळवळू देत नाही, थंडीत गोठू देत नाही. खाजनाच्या बांधात चिकण माती जे काम करते तेच हे.

आपल्या, म्हणजे प्राण्यांच्या, बांधातली माती म्हणजे कोलेस्टेरॉल. डॉक्टरांच्या तोंडून ऐकून ऐकून हा शब्द आपल्याला शत्रूसारखा वाटायला लागला आहे. पण तो नसेल तर आपली एकही पेशी उभी राहणार नाही. वनस्पतींच्या बांधात सिटोस्टेरॉल, स्टिग्मास्टेरॉल असे त्याचे भाऊबंद असतात. आणि बहुतेक बुरशींच्या, यीस्टच्या, अळंब्यांच्या बांधात असतं एर्गोस्टेरॉल. 1889 साली शार्ल तांरे या फ्रेंच शास्त्रज्ञाने राय धान्याच्या कणसावर येणाऱ्या अर्गट नावाच्या काळ्या बुरशीतून ते वेगळं काढलं. त्या अर्गटवरूनच हे नाव आलं.

आता दोघांतला फरक पाहा. कोलेस्टेरॉलमध्ये 27 कार्बन आणि एक दुहेरी बंध. एर्गोस्टेरॉलमध्ये 28 कार्बन आणि तीन दुहेरी बंध. म्हणजे एक कार्बन जास्त, दोन दुहेरी बंध जास्त. बस. बाकी सांगाडा तोच. आपण आणि बुरशी, दोघेही एकाच घराण्यातले, हे या रेणूवरूनही दिसतं. जीवाणूंची गोष्ट वेगळी आहे, त्यांची सगळी बांधणीच आपल्यापेक्षा निराळी असल्याने त्यांच्यावर औषध शोधायला जागा पुष्कळ मिळतात. बुरशी मात्र जवळची नातेवाईक. तिला मारायचं आणि आपल्याला वाचवायचं, तर हात घालायला मोजक्याच जागा उरतात, त्यातली एक ही, एका कार्बनाएवढी, दोन बंधांएवढी. बुरशीविरोधी औषधांच्या जाती इतक्या थोड्या का, याचं मोठं कारण हेच आहे. मला या विषयाबद्दल जी कळकळ वाटते ती याच अरुंद जागेमुळे.

एर्गोस्टेरॉल घडतं कसं? सुरुवात अगदी साध्या मालापासून होते. व्हिनेगर आंबट लागतं ते ज्या आम्लामुळे, त्याचाच दोन कार्बनांचा तुकडा पेशी घेते. असे तुकडे जोडत जोडत 30 कार्बनांची एक लांब, लवचीक साखळी तयार होते. ती म्हणजे स्क्वालीन. शार्कच्या एका कुळाच्या लॅटिन नावावरून हे नाव पडलं, कारण त्या माशाच्या यकृताच्या तेलात ते भरपूर सापडलं. आपण जिचं आंबट-तीख करतो ती मोरी याच गोतातली. पुढे स्क्वालीनच्या एका टोकाला ऑक्सिजनचा अणू बसतो आणि साखळी स्वतःत दुमडून चार कड्यांचा लॅनोस्टेरॉल हा रेणू होतो.

इथपर्यंत आपली आणि बुरशीची वाट एकच आहे. कोलेस्टेरॉल कमी करायला आपण स्टॅटिनच्या गोळ्या घेतो, त्या याच सामाईक वाटेच्या सुरुवातीला पाणी अडवतात. आणि त्या गोळ्यांचा शोधही बुरशीतच लागला. जपानच्या अकिरा एंडो यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला हजारो बुरशींच्या वाणांमधून शोधत शोधत पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीत पहिलं स्टॅटिन मिळवलं. त्यांचा विचार असा होता की बुरशीला आपल्या शेजाऱ्यांशी लढायचं असेल तर ती त्यांच्या स्टेरॉलवरच घाव घालत असणार. विचार किती सुंदर आहे! शत्रूचा बांध पडला की शेत आपोआप बुडतं.

लॅनोस्टेरॉलनंतर वाटा फुटतात. बुरशी त्यातले तीन कार्बन काढून टाकते, शेपटीला एक नवा कार्बन जोडते (हा जोडणारा एन्झाइम, म्हणजे पेशीतलं रासायनिक काम करणारं प्रथिन, माणसात नाहीच), बंध इकडचे तिकडे करते, आणि अगदी सुरुवातीपासून मोजले तर वीस-पंचवीस टप्प्यांनंतर एर्गोस्टेरॉल हाती येतं. एक रेणू घडवायला ऑक्सिजनचे 12 रेणू खर्च होतात. ही गोष्ट मी वर्गात सांगते तेव्हा मुलं वहीत लिहून पुढे जातात, पण मला ती नेहमी काजूच्या हंगामात आठवते.

मार्च-एप्रिलमध्ये बोंडं कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडात, तुडवून रस काढतात आणि तो आंबायला ठेवतात. यीस्टला साखरेची दारू करायला ऑक्सिजन लागत नाही, हे आपण शाळेत शिकलो. ते खरंच आहे, पण अर्धं. साखर फोडायला लागत नाही, तरी बांध बांधायला लागतो. ऑक्सिजनशिवाय यीस्टला एर्गोस्टेरॉल करताच येत नाही. मग ती काय करते? रसात सुरुवातीला जी हवा विरघळलेली असते, तेवढ्या वेळात होईल तेवढं स्टेरॉल करून घेते आणि जास्तीचं तेलाच्या बारीक थेंबांत साठवून ठेवते. हवा संपली की आहे त्या साठ्यावर संसार. एका पेशीला अंकुर फुटून दोन झाल्या की साठा दोघींत वाटला जातो, दोनच्या चार झाल्या की चौघींत. वाटता वाटता तो इतका कमी होतो की पेशी आणखी वाढू शकत नाहीत, आणि बांध कच्चा राहिल्याने वाढत्या दारूपुढे टिकतही नाहीत. 1950च्या दशकातच प्रयोगांनी दाखवलं होतं की हवा पूर्ण काढून घेतलेल्या यीस्टला बाहेरून एर्गोस्टेरॉल आणि ओलेइक आम्ल हे स्निग्धाम्ल दिलं तर ती वाढते, नाहीतर नाही. द्राक्षाची वाइन करणारे आंबवण अर्ध्यावर अडू नये म्हणून सुरुवातीला रसात हवा खेळवतात, ती यासाठी.

एवढा खर्च करून बुरशीने एर्गोस्टेरॉलच का निवडलं असावं? कमी टप्प्यांत होणारं स्टेरॉल का नाही? काही संशोधकांच्या मते याचं उत्तर सुकण्यात आणि भिजण्यात आहे. झाडाच्या सालीवर, मातीवर राहणारी बुरशी आज चिंब, उद्या कोरडी. पेशी सुकताना आक्रसते, पाणी मिळालं की फुगते, आणि दर वेळी बांधावर ताण येतो. एर्गोस्टेरॉल असलेली यीस्ट हा ताण जास्त चांगला सोसते, असं त्यांना प्रयोगात आढळलं. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि मग महिनोन्‌महिने कोरडं ऊन झेलणाऱ्या गोव्यात हे पटायला वेळ लागत नाही.

आता औषधांकडे.

गजकर्णावर दिलं जाणारं टर्बिनाफिन स्क्वालीनच्याच टप्प्यावर बसतं. ऑक्सिजनचा अणू बसवणारा एन्झाइम अडतो, पुढे एर्गोस्टेरॉल मिळत नाही आणि मागे स्क्वालीन साचत जातं. दोन्हीकडून मार. माणसातही तो एन्झाइम आहे, पण त्याची ठेवण थोडी वेगळी असल्याने औषधाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही.

काकांच्या सोप्यावरची दोन्ही शेपूटवाली औषधं पुढच्या टप्प्यावर काम करतात. लॅनोस्टेरॉलच्या 14 क्रमांकाच्या कार्बनवर एक मेथिल गट, म्हणजे एका कार्बनाचा तुकडा, असतो, तो काढणारा एन्झाइम ही औषधं अडवतात. फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, शेतातली हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, सगळी एकाच कामाची. तो मेथिल न निघालेला रेणू कड्याच्या बाजूला गाठीसारखा बाहेर आलेला असतो. बांधात तो नीट बसत नाही. शिवाय अडलेल्या पाण्यासारखा तो भलत्याच वाटेने जातो आणि त्यातून बुरशीलाच विषारी ठरणारा एक पदार्थ तयार होतो. म्हणून काही बुरशी ती भलती वाटच बंद करून घेतात, आणि मग औषध असूनही जगतात.

इथे रुग्णांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. ही औषधं जुना बांध पाडत नाहीत, नवी माती मिळू देत नाहीत. आधीचं एर्गोस्टेरॉल पेशीत असतंच. म्हणून परिणाम दिसायला दिवस लागतात आणि पुष्कळदा बुरशी मरण्याऐवजी वाढायची थांबते. खाज थांबली म्हणून चौथ्या दिवशी गोळ्या सोडल्या की पेशी पुन्हा माती कालवायला लागते. दुसरी गोष्ट, इट्राकोनॅझोल आपल्या यकृतातले औषधं निचरणारे एन्झाइमही अडवतं. त्यामुळे काही स्टॅटिन गोळ्यांचं प्रमाण रक्तात वाढून स्नायूंना इजा होऊ शकते. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर बुरशीची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना ते सांगाच.

अ‍ॅम्फोटेरिसिन या औषधाची रीत वेगळी. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जीवाणूपासून ते 1950च्या दशकात मिळालं. ते एर्गोस्टेरॉल बनण्याच्या आड येत नाही, तयार एर्गोस्टेरॉललाच जाऊन धरतं. बरीच वर्षं असं शिकवलं जायचं, मीही तसंच शिकवलं, की त्याचे रेणू गोलाकार जमून पेशीपटलाला भोकं पाडतात. कुर्ल्यांनी खाजनाच्या बांधात बिळं करावीत तसं. भोकं पडतात हे खरंच, पण 2014 साली प्रसिद्ध झालेल्या कामातून दिसलं की मुख्य घात दुसराच आहे. हे औषध बांधाच्या अंगाला स्पंजासारखं चिकटतं आणि आतली मातीच शोषून बाहेर काढतं. बिळं बुजवता येतील, माती गेली तर काय करणार?

आपलं कोलेस्टेरॉलही ते थोडंफार धरतं, आणि त्याचा फटका मुख्यतः मूत्रपिंडांना बसतो. म्हणून ते स्निग्ध द्रव्याच्या सूक्ष्म गोळ्यांत गुंडाळून दिलं तर जास्त सोसतं. 2021 साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस पसरला, देशभरात 40 हजारांहून जास्त रुग्ण झाले, तेव्हा हेच गुंडाळलेलं इंजेक्शन मिळवायला घरोघरचे लोक रात्रीबेरात्री फोन करत होते. आमच्याही ओळखीतल्या एका घरात हे घडलं. तेव्हा मला कितीजणांनी विचारलं, की फ्लुकोनॅझोल मिळतंय, ते का चालत नाही? कारण म्युकरच्या जातीच्या बुरशीत तो मेथिल काढणारा एन्झाइम जरा वेगळा घडलेला आहे, आणि फ्लुकोनॅझोल त्यात धरून राहत नाही. शेपूट एकच असलं तरी कुलपाचा खाचा बदलला की किल्ली फिरत नाही.

आणि आता काकांचा कोळेरोग. तिथे खाचा बदललेला नाही, तिथे कुलूपच नाही.

सुपारीवर कोळेरोग आणणारा जीव म्हणजे फायटोप्थोरा. दिसायला बुरशी, वाढायला बुरशी, पांढरी जाळी तशीच. पण तो बुरशीच्या कुळातला नाही. तपकिरी समुद्रशेवाळं आणि डायटम नावाची एकपेशीय शेवाळं हे त्याचे खरे नातेवाईक. त्याच्या पेशीभित्तिकेत बुरशीसारखं कायटिन मुख्य नसून सेल्युलोज असतं, आणि त्याची बीजं दोन शेपट्या हलवत पावसाच्या पाण्याच्या पापुद्र्यात पोहत एका घडावरून दुसऱ्यावर जातात. आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे फायटोप्थोरा स्वतः स्टेरॉल करतच नाही. स्क्वालीनच्या पुढची वाटच त्याच्याकडे नाही. त्याला लागणारं स्टेरॉल तो ज्या झाडावर बसतो त्याच्याकडून ओढून घेतो, त्यासाठी त्याच्याजवळ खास वाहक प्रथिनं आहेत. म्हणजे काकांनी जो एन्झाइम अडवायला औषध फवारलं, तो तिथे नव्हताच. न वाहणाऱ्या ओहोळावर बांध घातला होता.

कोळेरोगावर चालतं ते बोर्डो मिश्रण. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, 100 लिटर पाणी. त्यातलं तांबं पोहणाऱ्या बीजाच्या अनेक प्रथिनांवर एकदम घाला घालतं, त्याला स्टेरॉलशी देणंघेणं नाही. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी शंभरहून जास्त वर्षांपूर्वी सुपारीच्या याच रोगावर ते वापरायला शिकवलं. मात्र ते रोग यायच्या आधी, मृगाच्या आत, घडांवर नीट बसलं पाहिजे, आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पुन्हा. पोफळीवर चढवलेल्या मिरवेलीचा मर हाही फायटोप्थोराच, तिथेही 'कोनॅझोल' उपयोगाचं नाही.

खऱ्या बुरशींमध्येही सगळ्यांच्या बांधात एर्गोस्टेरॉलच असतं असं नाही. पाण्यातल्या काही आदिम बुरशींत कोलेस्टेरॉल मिळतं. गेरव्याच्या बुरशींत 29 कार्बनांची स्टेरॉलं असतात. प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसांच्या फुप्फुसात शिरणाऱ्या न्यूमोसिस्टिसने तर एर्गोस्टेरॉल सोडूनच दिलं आहे, ती आपलंच कोलेस्टेरॉल वापरते. म्हणून तिच्यावर नेहमीची बुरशीविरोधी औषधं चालत नाहीत, को-ट्रायमोक्साझोल हे जीवाणूंवरचं औषध द्यावं लागतं.

एर्गोस्टेरॉलचा एक गुण मात्र आपल्या ताटात येतो. त्याच्या कड्यातले दोन दुहेरी बंध अतिनील किरण शोषतात, त्यातलं एक कडं तुटतं आणि त्यातून ड-2 जीवनसत्त्व तयार होतं. अंधारात वाढवलेल्या बटण मशरूममध्ये ते जवळजवळ नसतं. चिरून दुपारच्या उन्हात अर्धा-एक तास ठेवलं तर चांगलंच वाढतं. श्रावणात रस्त्याकडेला पानांत बांधून विकायला बसतात त्या रोयणीवरच्या, म्हणजे वारुळावरच्या, अळम्याही एर्गोस्टेरॉलच्याच. मात्र एर्गोस्टेरॉल विषारी अळंब्यांतही तितकंच असतं, तेव्हा ओळखणाऱ्या माणसाने दिल्याशिवाय रानातली अळंबी घरात आणू नये.

आता मला ज्याची सगळ्यांत जास्त काळजी वाटते ते सांगते. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात गजकर्ण हट्टी झालं आहे. त्यामागे ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी आहे. तिच्या अनेक वाणांत स्क्वालीनवर काम करणाऱ्या एन्झाइमचा एकच अमिनो आम्ल बदलला आहे, 397व्या जागी फिनाइलअ‍ॅलॅनिनऐवजी ल्यूसिन, आणि तेवढ्याने टर्बिनाफिन निकामी होतं. स्टेरॉइड मिसळलेली मलमं चिठ्ठीशिवाय घेऊन लावल्याने या रोगाला पसरायला रान मोकळं मिळतं. स्टेरॉइडने लाली आणि खाज दोन दिवसांत जाते, बुरशी मात्र त्वचेत पसरत राहते. शेताकडून येणारा धोका तेवढाच खरा आहे. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ही फुप्फुसात रोग करणारी बुरशी कुजक्या पाल्यात राहते. शेतात फवारलेल्या 'कोनॅझोल'ला ती सरावते, आणि मग तिचा कण एखाद्या रुग्णाच्या श्वासात गेला तर दवाखान्यातलं 'कोनॅझोल'ही तिच्यावर चालत नाही. असे वाण नेदरलँड्समध्ये आधी दिसले, नंतर भारतातही सापडले.

म्हणून काकांनी उरलेल्या अर्ध्या बाटलीचं काय करू विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "पोफळीच्या पानांवर ठिपके पडले, ते कोलेटोट्रिकम निघालं आणि कृषी खात्याच्या माणसाने बघून सांगितलं, तरच ह्या जातीचं औषध हातात घ्या. ती खरी बुरशी, स्वतःचं एर्गोस्टेरॉल करणारी. तोवर झाकण घट्ट लावून मुलांच्या हाताला लागणार नाही असं वर ठेवा."

या वर्षी मेच्या शेवटी गेले तेव्हा अंगणात मोरचुदाचं निळं पाणी एका पिंपात आणि चुन्याचं पाणी दुसऱ्यात तयार होतं. पाडेली, म्हणजे पोफळीवर चढणारा गडी, दोराचा वेढा कमरेला बांधत होता. काका मिश्रणात घासलेलं लोखंडी पातं बुडवून बघत होते. पात्यावर तांब्याचा थर धरला नाही, म्हणजे चुना पुरेसा आहे. "चढ रे," ते म्हणाले.